वातावरण ओलांडल्यावरही आकाश स्वच्छ का नसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पृथ्वीचं वातावरण हाच निरीक्षणातला अडथळा असेल, तर दुर्बीण अवकाशात नेल्यावर तो संपायला हवा. मग अवकाश वेधशाळांकडून आलेला डेटा ‘साफ’ करण्यात संशोधकांची वर्षंच्या वर्षं का जातात? आणि हेलिओस्फिअर (सूर्याच्या वाऱ्याने व्यापलेली पोकळी), तारे आणि दीर्घिका हे तीन विषय एकाच दमात का घेतले जातात? सूर्याचा अभ्यास करणाऱ्याचं दूरच्या दीर्घिकांशी काय नातं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. वातावरण हा अनेक पडद्यांपैकी फक्त पहिला पडदा. तो मागे पडला की उपकरणाचा स्वतःचा गोंगाट समोर येतो, मग कक्षेत फिरणारे वेगवान कण, मग ग्रहांच्या मधली धूळ, सूर्याकडून वाहणारा कणांचा सौरवारा आणि शेवटी आपल्याच आकाशगंगेतला वायू. दूरच्या दीर्घिकेचा फोटॉन हे सगळं ओलांडून येतो, आणि यातला प्रत्येक पडदा त्यात स्वतःचा प्रकाश मिसळतो. एकाला जो पडदा वाटतो, तो दुसऱ्याच्या अभ्यासाचा विषय असतो. म्हणून हे विषय वेगळे काढताच येत नाहीत. माझं बहुतेक काम क्ष-किरणांमधलं आहे, त्यामुळे उदाहरणं त्या बाजूला झुकतील.

आधी वातावरणाचा हिशेब उरकू. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. अतिनील प्रकाशाचा बराचसा भाग ओझोन अडवतो. अवरक्ताचा मोठा भाग पाण्याची वाफ शोषून घेते, आणि उरलेल्या भागात हवा आणि दुर्बीण स्वतःच उष्णतेने झळकत असतात. दृश्य प्रकाश पोचतो, पण हवेच्या थरांमधून थरथरत. डोंगरमाथ्यावरच्या मोठ्या दुर्बिणी आता ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्स, म्हणजे क्षणाक्षणाला आकार बदलणारे आरसे, वापरून ही थरथर बरीचशी सावरतात. त्यामुळे ‘अवकाशातून चित्र जास्त स्पष्ट येतं’ एवढंच कारण सांगून आता भागत नाही.

अवकाशाचा ज्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं असा फायदा म्हणजे सलग वेळ. केप्लर दुर्बिणीने २००९ पासून चार वर्षं हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांमधला आकाशाचा एकच तुकडा नजरेत धरून ठेवला. दुसऱ्या ताऱ्यावरून कोणी आपल्या सूर्याकडे पाहत असेल, तर पृथ्वी आडवी गेल्यावर त्याला सूर्याचा प्रकाश दहा लाखांत सुमारे ८४ भागांनी घटलेला दिसेल, तोही वर्षातून एकदा आणि जास्तीत जास्त १३ तास. जमिनीवरून ताऱ्याचं लुकलुकणंच याहून मोठं असतं, शिवाय दर सकाळी निरीक्षण तुटतं.

ग्रहांचा शोध हे केप्लरचं गाजलेलं काम. मला स्वतःला ताऱ्यांच्या कंपनांचं काम त्याहून भावतं. तांबड्या राक्षसी ताऱ्यांमध्ये दोन अवस्था असतात. एकीत गाभ्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जळत असतो, दुसरीत गाभ्यात हेलियम पेटलेला असतो. बाहेरून हे तारे इतके सारखे दिसतात की तेज आणि तापमान मोजून ते वेगळे काढणं जवळपास अशक्य. पण ताऱ्याच्या आतल्या काही लहरी थेट गाभ्यापर्यंत जाऊन येतात आणि पृष्ठभागाच्या तेजात अगदी बारीक चढउतार घडवतात. २०११ मध्ये केप्लरच्या सलग नोंदींमधून त्या लहरींचे आवर्तकाल काढले गेले. लागोपाठच्या आवर्तकालांमधलं अंतर पहिल्या गटात साधारण ५० सेकंद निघालं, दुसऱ्या गटात १०० ते ३०० सेकंद. शेकडो प्रकाशवर्षं दूर असलेल्या ताऱ्याच्या पोटात काय जळतंय, हे त्याच्या थरथरण्यावरून कळलं. हे खंडित निरीक्षणातून कधीच साधलं नसतं.

आता दुसरा पडदा, म्हणजे उपकरण आणि ते जिथे ठेवलंय ती जागा.

बातमीत नेहमी आरशाचा आकार येतो. दुर्बीण कुठे ठेवायची हा निर्णयही तितकाच वजनदार असतो आणि तो ‘काय टाळायचं आहे’ यावरून ठरतो. सूर्यावर अखंड नजर ठेवायची असेल तर एल१ बिंदू, जिथे यान पृथ्वीच्या साथीने सूर्याभोवती फिरत राहतं, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटर. १९९६ पासून सोहो ही सौर वेधशाळा तिथे आहे आणि जानेवारी २०२४ पासून आदित्य-एल१ देखील. अवरक्तासाठी थंडी हवी, म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एकाच बाजूला आलेले बरे. त्यासाठी विरुद्ध बाजूचा एल२. जेम्स वेब तिथे पाच थरांच्या सूर्यछत्राआड बसते, आणि तरीही तिच्या मिरी या उपकरणाला ७ केल्विनपर्यंत खाली आणायला वेगळा शीतक लागतो. हबल मात्र पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत आहे. तिची प्रदक्षिणा साधारण ९५ मिनिटांची, त्यामुळे बहुतेक लक्ष्यं दर फेरीत पृथ्वीआड जातात. दक्षिण अटलांटिकच्या वर पृथ्वीचा किरणोत्सर्गी पट्टा खाली झुकलेला आहे. तिथून जाताना हबलची निरीक्षणं थांबवावी लागतात. भारताच्या ॲस्ट्रोसॅट वेधशाळेची कक्षा विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांच्या कोनात ठेवली गेली ती हा भाग शक्य तितका टळावा म्हणूनच.

चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यातून या पडद्याचं स्वरूप नीट कळतं. क्ष-किरण साध्या आरशावर सरळ आदळले तर आत शिरून नाहीसे होतात. पाण्यावर चपटा दगड अगदी तिरका फेकला की तो टप्पा घेऊन पुढे जातो, तसे ते आरशाला अगदी घासून गेले तरच परावर्तित होतात. म्हणून चंद्राचे आरसे एकात एक बसवलेल्या नळकांड्यांसारखे आहेत आणि किरणांचा आरशाशी होणारा कोन एक अंशाहूनही कमी असतो. तिची कक्षाही लांबट आहे. पृथ्वी-चंद्र अंतराच्या जवळपास एक-तृतीयांशापर्यंत जाऊन ती परत येते, त्यामुळे बराच काळ किरणोत्सर्गी पट्ट्यांबाहेर मिळतो. पण प्रत्येक फेरीत एकदा त्या पट्ट्यांमधून जावंच लागतं. १९९९ मध्ये प्रक्षेपणानंतरच्या पहिल्या काही फेऱ्यांमध्येच लक्षात आलं, की समोरून प्रकाश घेणाऱ्या सीसीडी चिपांची ऊर्जा मोजण्याची क्षमता घसरली आहे. कारण आरशांमध्येच होतं. क्ष-किरण जसे घासून पुढे जातात, तसेच कमी ऊर्जेचे प्रोटॉनही त्या आरशांवरून घसरून थेट नाभीवरच्या चिपांवर पोचत होते. त्यांची ऊर्जा नेमकी इतकी होती, की चिपच्या ज्या थरातून विद्युतभार सरकवला जातो तिथेच ते येऊन थांबायचे. मागच्या बाजूने प्रकाश घेणाऱ्या चिपांमध्ये तो थर खोलवर असल्याने त्या बचावल्या. तेव्हापासून किरणोत्सर्गी पट्टा येण्याआधी ते उपकरण नाभीवरून बाजूला सरकवलं जातं. आजही चंद्राचा डेटा वापरताना या बिघाडाची दुरुस्ती प्रत्येक फाइलवर लावली जाते. विद्यार्थी तिला सॉफ्टवेअरमधली एक पायरी समजतात. पण त्या एका ओळीमागे एवढं सगळं घडलेलं आहे.

युक्लिड या अवकाश दुर्बिणीची गोष्ट सौम्य आहे. जुलै २०२३ मध्ये ती निघाली, आणि काही महिन्यांत ताऱ्यांचा येणारा प्रकाश हळूहळू कमी होताना दिसला. जमिनीवर जोडणी होताना अडकलेली पाण्याची वाफ अवकाशात हळूहळू सुटून आरशावर बर्फाचा अतिशय विरळ थर धरत होती. मार्च २०२४ मध्ये सगळी दुर्बीण न तापवता फक्त एक आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंश सेल्सिअसपर्यंत गरम केला, आणि सुमारे १५ टक्के जास्त प्रकाश मिळू लागला. युक्लिडचं सगळं काम कोट्यवधी दीर्घिकांच्या आकार आणि तेजातल्या बारीक फरकांवर उभं आहे. तिथे न दिसणारा बर्फदेखील विश्वाच्या प्रसरणाबद्दल चुकीचं काहीतरी सांगू शकतो.

आणि एकच पिक्सेल जवळून पाहायचा असेल तर जेम्स वेबचा पाहा. तिचे अवरक्त शोधक साध्या कॅमेऱ्यासारखे ‘उघडा, बंद करा, वाचा’ असे चालत नाहीत. पिक्सेलमध्ये विद्युतभार साठत जातो आणि तो रिकामा न करता पुन्हा पुन्हा वाचला जातो. वेळेनुसार आलेख काढला की चढती रेषा मिळते आणि तिचा उतार म्हणजे प्रकाशाची तीव्रता. मध्येच एखादा वैश्विक किरण आदळला, तर रेषा एकदम वर उडी मारते आणि पुन्हा त्याच उताराने चालू लागते. सॉफ्टवेअर ती उडी शोधतं, रेषेचे दोन तुकडे करतं आणि दोघांचा उतार मिळून काढतं. तुम्ही पाहता त्या दीर्घिकांच्या चित्रातला प्रत्येक ठिपका असा एकेक उतार आहे. ते रंगीत चित्र पाहायच्या आधी एकदा तरी कच्च्या रेषा पाहा, एवढा माझा आग्रह आहे.

गोंगाट कमी असणं किती मोलाचं आहे हे ॲस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीने दाखवून दिलं. तिचा आरसा जेमतेम ३८ सेंटीमीटरचा, हबलचा २.४ मीटर. तरी सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेतून निसटणारे अतिऊर्जित अतिनील फोटॉन तिने पकडले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. ते शक्य झालं कारण त्या शोधकाचा स्वतःचा गोंगाट हबलच्या तुलनेत फारच कमी होता. आरशाच्या आकारावरून वेधशाळेची किंमत ठरवणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

आता हेलिओस्फिअर. सूर्यापासून सर्व दिशांना सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाला सौरवारा म्हणतात. ही कल्पना यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडली. दोन परीक्षकांनी लेख नाकारावा असं सुचवलं होतं. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना गणितात चूक सापडली नाही, म्हणून त्यांनी तो छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ ने शुक्राकडे जाताना सौरवारा प्रत्यक्ष मोजला. हा वारा भोवतालच्या आंतरतारकीय वायूला मागे रेटून एक प्रचंड पोकळी तयार करतो. ती पोकळी म्हणजे हेलिओस्फिअर. आपण, आपले सगळे ग्रह आणि दूर गेलेली दोन व्हॉयेजर याने सोडली तर आपल्या चालू असलेल्या सगळ्या वेधशाळा त्या पोकळीच्या आत आहेत.

सूर्य हा एकमेव तारा आहे जिथे आपण उपकरण नेऊन टेकवू शकतो. पार्कर सोलर प्रोब डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. २०२१ मध्ये त्याने ती सीमा पहिल्यांदा ओलांडली, जिच्या आत सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राची पकड प्रवाहाच्या वेगावर मात करते. दुसऱ्या कुठल्याही ताऱ्याच्या वाऱ्याबद्दल आपण जे बोलतो ते अंदाज आहेत, आणि त्या अंदाजांची तपासणी इथेच होते.

दुसऱ्या टोकाची, म्हणजे हेलिओस्फिअरच्या बाहेरच्या सीमेची गोष्ट आणखी सुंदर आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये, सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या जवळपास १२२ पट दूर, व्हॉयेजर-१ भोवतालचे सूर्यापासूनचे वेगवान कण एकाएकी घटले आणि आकाशगंगेतले वैश्विक किरण वाढले. यान बाहेर पडलं असं वाटावं, पण चुंबकीय क्षेत्राची दिशा जवळपास बदललीच नाही. निर्णय द्यायचा तर भोवतीच्या प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित वायूची, घनता हवी, आणि ती मोजणारं उपकरण १९८० मध्येच बंद पडलेलं. वर्षभर वाद चालला.

सुटका केली ती सूर्यानेच. मार्च २०१२ मधल्या मोठ्या सौरउद्रेकाचा धक्का तेरा महिन्यांनी तिथे पोचला आणि भोवतालचा प्लाझ्मा कंप पावू लागला. हा कंप ऐकणारा अँटेना अजून चालू होता. एप्रिल-मे २०१३ मध्ये त्याने नोंदवलेली वारंवारता सुमारे २.६ किलोहर्ट्झ होती. प्लाझ्माच्या कंपनाची वारंवारता घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. घन सेंटीमीटरमध्ये एक इलेक्ट्रॉन असेल तर ती सुमारे ९ किलोहर्ट्झ येते. २.६ भागिले ९, त्याचा वर्ग: जवळपास ०.०८ इलेक्ट्रॉन. हेलिओस्फिअरच्या आतल्या कडेला जी घनता अपेक्षित होती, तिच्या ही चाळीसएक पट, म्हणजे बाहेरच्या वायूची. आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक अस्पष्ट कंपही नोंदींमध्ये सापडला, आणि दोन्हींवरून मागे मोजत गेल्यावर ओलांडण्याची तारीख ऑगस्ट २०१२ ठरली. हा हिशेब मी विद्यार्थ्यांकडून कागदावर करून घेतो. मानवाने बनवलेली वस्तू ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात पोचल्याचा पुरावा शाळेतल्या वर्गमुळात मावतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॉयेजर-२ बाहेर पडलं तेव्हा त्याचं प्लाझ्मा उपकरण शाबूत होतं, त्यामुळे सौरवारा संपताना थेट दिसला.

पण दोन याने म्हणजे दोन ठिकाणं. सगळ्या सीमेचा नकाशा कसा काढायचा? इथे एक प्रक्रिया लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यावर फिरणार आहे. सौरवाऱ्यातला वेगवान प्रोटॉन एखाद्या संथ उदासीन अणूजवळून जातो आणि त्याचा इलेक्ट्रॉन पळवतो. याला चार्ज एक्स्चेंज म्हणतात. प्रोटॉन आता उदासीन अणू झाला, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने वळत नाही, सरळ रेषेत जातो. सीमेवर असे जन्मलेले काही अणू थेट आपल्याकडे येतात. ऑक्टोबर २००८ मध्ये गेलेल्या आयबेक्स या उपग्रहाने ते मोजून दर सहा महिन्यांना पूर्ण आकाशाचा नकाशा काढला, आणि कोणत्याही प्रारूपात नसलेली एक चमकती पट्टी त्यात दिसली. बाहेरचं आंतरतारकीय चुंबकीय क्षेत्र आपल्या दृष्टिरेषेला जिथे काटकोनात येतं, तिथेच ती पट्टी पडते असं दिसतं. प्रकाशाचा एकही फोटॉन न वापरता काढलेलं हे चित्र आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रक्षेपित झालेलं आयमॅप हे यान हेच काम जास्त बारकाईने करण्यासाठी एल१ कडे पाठवलं गेलं.

आता तीच प्रक्रिया दुसऱ्या बाजूने पाहा. सौरवाऱ्यात थोडे जड आयनही असतात, उदाहरणार्थ आठपैकी सात इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. त्याने उदासीन हायड्रोजन किंवा हेलियमचा इलेक्ट्रॉन पळवला की तो इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत अडकतो, मग खाली उतरताना क्ष-किरण फोटॉन सोडतो. ऑक्सिजनची ही रेषा सुमारे ०.५६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) येते. लक्षावधी अंश तापलेला आकाशगंगेतला वायूही नेमक्या याच रेषेत चमकतो.

१९९६ च्या मार्चमध्ये रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाने ह्याकुताके धूमकेतूकडे पाहिलं आणि बर्फाळ धूमकेतूतून क्ष-किरण येताना दिसले. उलगडा चार्ज एक्स्चेंजने झाला: धूमकेतूच्या वायूवर सौरवाऱ्याचे जड आयन आदळत होते. त्याबरोबर एक जुनं कोडंही उलगडू लागलं. रोसॅटच्या सर्व आकाशाच्या सर्वेक्षणात पार्श्वभूमी अधूनमधून काही तास ते काही दिवस वाढायची. कारण न कळताच ती वाढ नकाशातून वजा केली गेली होती. ती सौरवाऱ्याचीच होती. प्रश्न असा की न बदलणारा भाग तर नकाशात तसाच राहिला असणार. तो किती? २०१२ च्या डिसेंबरमध्ये एका साउंडिंग रॉकेटवरून (काही मिनिटंच अवकाशात जाऊन परत येणारं छोटं रॉकेट) केलेल्या मोजणीत, आकाशगंगेच्या प्रतलातल्या पाव किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या प्रकाशाचा जवळपास ४० टक्के भाग सौरवाऱ्यामुळे येतो असं निघालं. उरलेला खरोखरच सूर्याभोवतीच्या तप्त वायूच्या बुडबुड्याचा. वर्षानुवर्षं ज्याला ताऱ्यांमधला वायू म्हणून मोजलं, त्यातला मोठा वाटा अंगणातला होता.

दीर्घिकांपर्यंत हा धागा कसा जातो ते पाहा. हबल डीप फील्ड नॉर्थ हा आकाशाचा तुकडा दूरच्या दीर्घिकांसाठी मुद्दाम रिकामा पाहून निवडलेला. एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीने त्याकडे अनेकदा पाहिलं. २००१ मधल्या एका निरीक्षणात कमी ऊर्जेचे क्ष-किरण मधेच वाढले, कार्बन, ऑक्सिजन, निऑन आणि मॅग्नेशियमच्या रेषांसह. दूरच्या दीर्घिका काही तासांत अशा बदलत नाहीत. त्याच वेळी एल१ वरच्या एसीई यानाने सौरवारा नेहमीपेक्षा बराच वाढलेला नोंदवला होता. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दीर्घिकांच्या अभ्यासकाने जे फेकून दिलं असतं, ते सौरवाऱ्याच्या अभ्यासकासाठी सोनं ठरलं, कारण एसीई एका बिंदूवर मोजतं आणि ही दुर्बीण सबंध दृष्टिरेषेवर.

धुळीचंही असंच. ग्रहांमधली धूळ सूर्यप्रकाश विखुरते आणि दृश्य आकाशाची पार्श्वभूमी उजळवते. विश्वातल्या सगळ्या दीर्घिकांचा एकत्रित प्रकाश किती, हे तिच्या आतून मोजणं फार कठीण. न्यू होरायझन्स यान प्लूटोच्याही पलीकडे, जिथे ही धूळ नगण्य आहे, तिथून हे मोजू शकलं. आधीच्या मोजणीत माहीत असलेल्या दीर्घिकांच्या जवळपास दुप्पट प्रकाश निघाला होता आणि बरीच चर्चा झाली. २०२४ च्या मोजणीत आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा वाटा जास्त नीट काढला गेला, आणि जादा प्रकाश उरला नाही.

आणि सगळे पडदे ओलांडल्यावरही अर्थ लावण्यात घसरण होऊ शकते. जेम्स वेबच्या पहिल्याच वर्षात फक्त फिल्टरमधल्या रंगांवरून एका दीर्घिकेची ताम्रसृती (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला याचं माप; जास्त म्हणजे जास्त दूरची) १६ च्या पुढची असावी असा अंदाज निघाला, म्हणजे महास्फोटानंतर २५ कोटी वर्षांच्या आतली. २०२३ मध्ये वर्णपट घेतला तेव्हा ती ४.९ निघाली, म्हणजे सव्वाएक अब्ज वर्षांनंतरची. धूळ आणि त्या दीर्घिकेच्या वर्णपटातल्या प्रखर रेषा नेमक्या अशा फिल्टरांमध्ये पडल्या होत्या की रंग दूरच्या दीर्घिकेसारखे दिसले. १४ च्या पुढची ताम्रसृती वर्णपटाने पक्की झालेल्या दीर्घिका आता आहेत, आणि त्यांचं महत्त्व त्या वर्णपटामुळेच आहे. ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया दुर्बिणीच्या आकड्यांतही असाच बारीक दोष आहे. क्वेसार (दूरच्या दीर्घिकांचे अतितेजस्वी गाभे) इतके दूर आहेत की त्यांचा पराशय, म्हणजे पृथ्वी फिरताना जागेत दिसणारा भासमान फरक, शून्य यायला हवा, पण डेटाच्या तिसऱ्या प्रसिद्धीत तो सरासरी उणे १७ मायक्रोआर्कसेकंद येतो. जवळच्या ताऱ्याला याने फरक पडत नाही. साधारण ३२ हजार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा खरा पराशयच १०० मायक्रोआर्कसेकंद असतो, तिथे ही १७ टक्क्यांची चूक झाली. गायाच्या तक्त्यातला आकडा थेट उलटा करून अंतर काढणारे अहवाल अजूनही माझ्याकडे तपासायला येतात.

तुम्ही भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आहात आणि सुरुवात कुठून करू असंही विचारलंय. हा सगळा डेटा काही काळानंतर सर्वांसाठी खुला होतो. आदित्य-एल१ चा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळतो. मी म्हणेन, नवीन दीर्घिका शोधायला जाऊ नका. एक्सएमएम-न्यूटनच्या संग्रहातून आकाशाच्या एकाच रिकाम्या तुकड्याची, दोन वेगवेगळ्या वर्षांतली निरीक्षणं घ्या. ज्ञात क्ष-किरण स्रोत वगळा. मऊ (कमी ऊर्जेच्या) प्रोटॉनांच्या उसळ्यांचा वेळ काढून टाका, त्यात बराच वेळ वाया जाईल, घाबरू नका. उरलेल्या प्रकाशाचा ०.५ ते ०.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधला वर्णपट दोन्हींसाठी काढा आणि शेजारी त्याच दिवसांचा एसीईचा सौरवाऱ्याचा आलेख लावा. दोन्ही वर्णपटांत जो भाग सारखा आहे तो आकाशगंगेचा आणि त्याहून दूरचा असण्याची शक्यता जास्त. बदलला तो बहुधा आपल्या पोकळीतला.

आलेख नेहमी जुळणार नाहीत, तेव्हा निरीक्षणाची तारीख पाहा. बाहेरून सेकंदाला सुमारे २५ किलोमीटर वेगाने आत वाहणारा उदासीन हेलियम सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने वळून त्याच्या मागे एका शंकूत दाटतो, आणि पृथ्वी दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला त्या शंकूतून जाते. तेव्हा सौरवारा शांत असूनही ऑक्सिजनची रेषा वर उचललेली दिसू शकते. तेवढ्या आठवड्यांची निरीक्षणं पहिल्या फेरीत बाजूला ठेवा, आणि दुसऱ्या फेरीत फक्त तीच घ्या.